नेहूळ: मर्मर स्वर अखेर वेगळा ऐकू आला

मंडळी, मी रचत असलेल्या नेहूळ या भाषेतले भाल आणि बाःल आता डोळे मिटूनही वेगळे ओळखू येतात! (विसर्ग म्हणजे मर्मर, म्हणजे श्वास मिसळलेला स्वर, नेहमीप्रमाणे.) बाकी ध्वनींपैकी ण, ळ पक्के, त्सही राहणार.

अडचण तुम्हाला माहीत आहेच. दोन स्वरांमधला ह गळून स्वर मर्मर होतो, बहलचं बःल. पण घ, ध, भ हेही पुढच्या स्वरात श्वास सोडतात. त्यामुळे भल आणि बःल प्राटमध्ये (आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये) एकमेकांवर बसायचे. स्वराच्या सुरुवातीला पहिल्या-दुसऱ्या हार्मोनिकमधला (आवाजातल्या पहिल्या दोन कंपन-घटकांच्या जोरातला) फरक, म्हणजे स्वरात श्वास किती ते दाखवणारा आकडा, दोन्हीकडे सारखाच मोठा. मर्मर स्वर काढूनच टाकायच्या बेतात होतो.

उत्तर इथेच, बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या जिन्यात मिळालं. गुजरातीत बार (बारा), बहार (बाहेर) आणि भार हे तिन्ही वेगळे, आणि बहारमधला ह बोलताना स्वरातच विरतो. खालच्या मजल्यावरच्या मासींकडून तिन्ही पुन्हापुन्हा वदवून घेतले. भारमध्ये ओठ उघडताच श्वास जोरात येतो, पण र येईपर्यंत स्वर स्वच्छ होतो. बहारमध्ये तो आ-भर टिकतो. म्हणजे मोजायचं स्वराच्या मध्यावर आणि शेवटाकडे! नेहूळमधल्या ऱ्हस्व स्वरांना स्वच्छ व्हायला वेळच मिळत नव्हता. आता मर्मर फक्त दीर्घ स्वरांवर: बहल > बाःल. ह गळून दोन स्वर एक झाले की दीर्घ होणं ओघानंच आलं, त्यामुळे भाषेचा इतिहासही जुळतो.

रेकॉर्डिंग करताना मोबाइलचं नॉइज रिडक्शन बंदच ठेवा. आपल्याला हवा तो श्वासच ते गोंगाट समजून पुसतं. रावपुऱ्यातून घेतलेला साधा वायरचा कॉलर माइक याबाबतीत कितीतरी बरा.

उरलं भहल. भ आणि मर्मर स्वर एकाच अक्षरात तोंडाला झेपत नाहीत, कानाला तर मुळीच नाहीत. इथे जर्मन भाषाभ्यासक ग्रासमनचा १८६३चा नियम घेतला: लागोपाठच्या दोन महाप्राणांपैकी (ह मिसळलेल्या ध्वनींपैकी) पहिला अल्पप्राण (ह नसलेला) होतो, म्हणून संस्कृतात धधामि नाही, दधामि. तसं भहल > बाःल. आणि गंमत पुढे आहे. प्रत्ययापुढे स्वर ऱ्हस्व होऊन मर्मर गेला की भ परत येतो: बाःल, पण भल्ती. दुह्‌चं (दोहणे) धोक्ष्यति होतं, म्हणजे पुढचा ह गेला की द चा ध होतो, तसंच. हे रूप पहिल्यांदा तक्त्यात उतरलं तेव्हा फार आनंद झाला.

नियम धातूपुरताच ठेवणार होतो, पण हे लिहिता लिहिताच वाटतंय, तो प्रत्ययापर्यंत का नेऊ नये? अनेकवचनाचा -घे लागला की धातूतला मर्मर जाईल, मग बाःल, बालघे. पुढे -घेतला स्वर झिजून घ-ग एक झाले, तरी अनेकवचन धातूच्या स्वरावरून कळेल. तेव्हा विभक्तीचे तक्ते तूर्त बाजूला, आधी प्रत्ययांची यादी नव्याने.

ग्वाल्हेर, इंदूर आणि कोकणातल्या मंडळींकडून म्हैस, म्हातारा, न्हाणी यांची रेकॉर्डिंग हवी आहेत, शक्यतो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आवाजात. म्ह-न्हनंतरचा स्वर कुठपर्यंत श्वास धरतो ते मोजून मगच नेहूळमध्ये म्ह घ्यायचा की नाही ते ठरवेन.