बारा व्होल्ट येऊनही फॅन फिरेना

हायवेला गाडी ऐंशीनं पळवली की इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर, आणि नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत अडकली की थेट लाल पट्टीत. गिऱ्हाईकानं एवढं नीट सांगितलं तरी माझं निम्मं काम होतं. वेगात समोरचा वारा रेडिएटर गार ठेवतो. गर्दीत सगळी भिस्त फॅनवर.

ऑक्टोबरच्या उन्हात पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्ष बागायतदार काका नेमकं हेच सांगत आले. दुसरीकडे कुठं तरी फॅनची मोटर बदलून झाली होती, कूलंटही नवं होतं. तरी फॅन ढिम्म.

"भाऊ, नवी मोटरच जळकी दिली का मला?" काका वैतागलेले होते.

आधी गाडी गार होऊ दिली. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण मी कुणाला उघडू देत नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही वर असतं, झाकण सैल होताच तोंडावर उसळतं. कूलंटची पातळी बरोबर निघाली. ती पाहावीच लागते, कारण पाणी कमी असेल आणि सेन्सर हवेत राहिला तर इंजिन तापल्याचं त्याला कळतच नाही, मग फॅनला हुकूम कोण देणार?

एसी लावला, की फॅनलाही सुरू व्हायचा हुकूम जातो. रिले, म्हणजे फॅनला करंट सोडणारा स्विच, 'खट' वाजला, म्हणजे हुकूम येत होता. फ्यूज शाबूत. मोटरचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढून त्यात मल्टीमीटर लावला तर १२.३ व्होल्ट. मोटरला बॅटरीवरून डायरेक्ट सप्लाय दिला, तर जोरात फिरली.

मोटर चांगली, व्होल्टेज पूर्ण, आणि दोन्ही जोडले की फॅन बंद. आमचा पोरगा माझ्याकडे बघत राहिला. इथंच बरेच जण गाडीचा कॉम्प्युटर बदलायला सांगतात आणि गिऱ्हाईकाचे पैसे जातात. मला त्याचा फार राग येतो.

मल्टीमीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. वायरीत कुठं गंज असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. काकांना त्यांच्याच भाषेत सांगितलं, "ड्रिपचा व्हॉल्व्ह बंद असताना गेज पूर्ण प्रेशर दाखवतो. नळी चोंदलीय हे व्हॉल्व्ह उघडल्यावरच कळतं." काकांनी लगेच मान डोलावली.

मग हेडलाइटचा जुना बल्ब घेतला. त्याचा ५५ वॅटचा फिलामेंट साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. कपलरमध्ये लावला तर नुसता निखाऱ्यासारखा लालसर. बल्बची अर्थची, म्हणजे निगेटिव्हची, वायर कपलरातून काढून बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवली, आणि लख्ख पेटला! पॉझिटिव्ह ठीक, अर्थ खराब. खात्रीसाठी बल्ब पुन्हा कपलरात लावून अर्थची वायर आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर धरला. ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं, तिथं ९ च्या वर.

अर्थची वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा बोल्ट हेडलाइटच्या मागे होता. खोलला तर थिंबळीखाली (वायरीच्या टोकाची तांब्याची कडी) हिरवट-निळी भुकटी आणि बोल्टचे आटे खाल्लेले. काका वाकले, बोटावर भुकटी घेऊन म्हणाले, "हे तर मोरचूद! गाडी मी फवारणीच्या एचटीपी पंपानं, जोरदार दाबाच्या, धुतो. त्याच पंपानं बागेवर बोर्डो, मोरचूद-चुन्याचं औषध, मारतो."

पुढं त्यांनीच समजावलं. बोर्डो नीट झालंय का हे पाहायला विळा बुडवतात, त्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडलाय. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, तो लोखंड खातो म्हणून ते लोखंडी भांड्यात कधी कालवत नाहीत. ती भुकटी मोरचुदाचीच होती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. नुसत्या पाण्यानंही तांब्याच्या थिंबळीवर हिरवं चढतं, आणि एचटीपीचा फवारा पाणी कुठल्याही फटीत घुसवतो.

पत्रा पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासला, थिंबळी आणि बोल्ट नवे टाकले, वरून ग्रीस. एसी बंद ठेवून गाडी जागेवर तापू दिली. स्कॅनरवर ९८ अंश झाले आणि फॅन सुरू झाला, थोड्या वेळानं आपोआप थांबला. गाडी आधी उकळली होती, म्हणून कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येतायत का तेही बराच वेळ पाहिलं. नव्हते, म्हणजे हेडगॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं पॅकिंग) वाचलं होतं.

काकांची जुनी मोटर डिकीत पडली होती. तिलाही बॅटरी लावून पाहिली. तीही झकास फिरली.

काका काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो बल्ब दोन वायरी लावून मला एक करून द्या. ट्रॅक्टरचा सेल्फ कधी कधी असाच करतो."