नळीतला बुडबुडा

माण तालुक्यातला मुरमाड उतार. रात्री वळीव पडला आणि सकाळी निरोप आला, वरून तिसरा सलग समतल चर फुटला. सलग समतल चर म्हणजे पावसाचं पाणी अडवून मुरवायला उतारावर आडवा, एकाच पातळीत खोदलेला लांब चर. पोहोचलो तेव्हा खालचे दोन चर गाळाने भरलेले होते आणि पायथ्याच्या पेरणीला तयार केलेल्या रानात मुरूम पसरला होता. ते रान बघवत नव्हतं.

सगळ्यांचं म्हणणं, पाऊसच मोठा झाला. रानाचे मालक आबा मात्र चराच्या वरच्या टोकाला उभे होते. "साहेब, हिथं पाणी साचलंच न्हाई. पालासुद्धा हलला न्हाई."

खरंच. शेवटच्या दहा मीटरला पाण्याची रेघ नव्हती. सुरुवातीचं टोक फुटलेलं आणि शेवट कोरडा, म्हणजे चर समतल नव्हताच.

आखणीचा हायड्रोमार्कर मागवला, म्हणजे समान पातळी शोधायला पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने जोडलेल्या दोन मोजपट्ट्या. दोन्ही पट्ट्या शेजारी टेकवल्या, तर पाण्याच्या पातळीत सहा सेंटिमीटरचा फरक. पुढच्या पट्टीवरच्या नळीत तेवढाच लांब हवेचा बुडबुडा अडकला होता. आखणी करताना तीच पट्टी कायम पुढे नेलेली, त्यामुळे दर दहा मीटरला रेषा सहा सेंटिमीटर वर चढत गेली. साठ मीटरला छत्तीस! मागची पट्टी पुढे, पुढची मागे अशी अदलाबदल केली असती, तर एका टप्प्याची चूक पुढच्या टप्प्यात फिटली असती.

चर 60 सेंटिमीटर रुंद, 30 खोल. समतल असता तर 10,800 लिटर पाणी मावलं असतं. या उताराने 4,500 लिटरलाच खालचं टोक ओसंडलं, आणि मोकळ्या मातीवरून एकदा पाणी वाहू लागलं की भगदाड पडायला वेळ लागत नाही. खोदताना मध्ये आडवे बांधही सोडले नव्हते. दर दहा मीटरला एक बांध असता तर चुकीच्या आखणीतही नव्वद टक्के पाणी जागेवर थांबलं असतं. आडवे बांध ठेवा म्हणून आम्ही इतकं मागे लागतो ते यासाठीच.

दुरुस्ती वरून खाली. भगदाडातली सैल माती घट्ट मुरूम लागेपर्यंत खरवडली, मग 15 सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस, म्हणजे माती ठोकून दाबायचं जड ठोकणं. नुसती माती ढकलून भगदाड बुजवलं की पुढच्या पावसात तिथंच फुटतं. चरात मुरूम आणि दगडांचे आडवे बांध घातले, काठापेक्षा दहा सेंटिमीटर खाली, म्हणजे जादा पाणी चराच्या काठावरच्या मातीच्या भरावावरून न जाता शेजारच्या कप्प्यात जाईल. खाली पडलेल्या ओघळीत लूज बोल्डर, म्हणजे सुट्या दगडांचा आडवा बांध. त्याची टोकं दोन्ही काठांत घुसवली आणि मधला भाग 30 सेंटिमीटर खाली ठेवला. मध्य उंच राहिला तर पाणी काठ कापतं.

खालचे चर उपसण्याआधी त्यांचीही पातळी तपासायची होती. नळी पुन्हा भरली, टिचक्या मारून हवा काढली. आबांनी स्वतः एक पट्टी धरली. चौथ्या चराची रेषा शेवटपर्यंत नेली आणि उलट मोजत सुरुवातीला परत आलो. फरक एक सेंटिमीटर. रेषेवर खुणेची पांढरी फक्की टाकली.