मत माझं, देणगी नवऱ्याची

लेकीच्या शाळेतला ऑर्केस्ट्रा जेवणाच्या हॉलमध्ये वाजतो. टेबलं घडी घालून भिंतीला टेकवायची, मध्ये खुर्च्या मांडायच्या, आणि मागे दुधाचा फ्रीज घुंघुं करत असतो तो असतोच. गेल्या डिसेंबरात पोरीचा चेलो आणि फ्रीजचा कंप्रेसर एकदमच सुरू झाले. नवरा कानात म्हणाला, "तंबोरा बरा लागलाय." तंबोऱ्यांच्या मिरजेचा माणूस, त्याला दुसरं काय सुचणार!

अमेरिकेत सगळं असतं, असं आपल्याकडे वाटतं. डॅलसजवळच्या आमच्या गावात शाळेला फुटबॉलचं झकास स्टेडियम आहे. रंगमंच नाही.

तो हवा तर शाळा कर्जरोखे काढते. त्याला मतदारांची मंजुरी लागते, आणि कर्ज फिटतं सगळ्यांच्या मालमत्ता करातून. टेक्सासमध्ये 2019 पासून वर्गखोल्या आणि नाट्यगृह एकाच प्रस्तावात घालता येत नाहीत, नाट्यगृहाला वेगळं मत. शिवाय मतपत्रिकेवर ठळक अक्षरांत छापतात, 'ही मालमत्ता करातील वाढ आहे'. म्हणजे वर्गांच्या आडून पडदा-दिवे मिळवायची सोय नाही. प्रामाणिक आहे, पण कलेच्या मुळावर येणारं. शाळेला स्वतःच्या पैशाने 'हो म्हणा' असा प्रचार करायलाही बंदी. म्हणून आम्ही पालक दारोदार.

एका आजोबांनी दार अर्धंच उघडून विचारलं, "तुमच्या गावात असली थेरं असतात का?" मी म्हटलं, आमच्या सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, मराठी नाटकाची सुरुवात तिथली. ५ नोव्हेंबरला आम्ही रंगभूमी दिन करतो. त्यांनी विचारलं, "पैसे कोणी दिले?" संस्थानिकांनी, चिंतामणराव पटवर्धनांनी. "मग बरोबर आहे," म्हातारा खुलला, "राजाला मतदान घ्यावं लागत नाही."

मे महिन्यातल्या शनिवारी मतदान झालं. वर्गखोल्या मंजूर, नाट्यगृह थोडक्यात पडलं. नवऱ्याला मतच नव्हतं. तो ग्रीन कार्डवर, पासपोर्ट अजून भारतीय. कर भरतो, मत देता येत नाही. मी इथली नागरिक झाले, म्हणून मला मत.

त्याच आठवड्यात माझ्या जुन्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगलीहून व्हिडिओ आला. आमचा जुना हॉल, वर पत्रा. पावसाची सर आली की स्टेजवरची पोरं नुसते ओठ हलवतात, ऐकू काही येत नाही. सर नसली तर आवाज घुमतो. विंगा नाहीत, पडदा दोन बाजूंनी दोन मुलं ओढतात, आमच्या वेळी ओढायची तशीच. खाली आवाहन : माजी विद्यार्थ्यांनी हातभार लावावा.

मी लगेच खजिनदार सरांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "बाळ, पासपोर्ट कुठला?" अमेरिकन म्हटल्यावर सर गप्प. परदेशी नागरिकाचा पैसा म्हणजे परकीय योगदान. तो घ्यायला संस्थेची वेगळी नोंदणी लागते, नाहीतर सरकारची पूर्वपरवानगी. नोंदणी असली तरी रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. आमच्या शाळेची नोंदणीच नाही. दादा म्हणाला, "माझ्या खात्यावर टाक की, मी भरतो शाळेत." त्याच्या सीएने त्याला असं झापलं, की दादाने पुन्हा विषय काढला नाही.

भारतीय पासपोर्टवाल्याने मात्र परदेशातल्या स्वतःच्या बचतीतून, रीतसर बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय ठरत नाहीत. म्हणजे घरात देऊ शकणारा माणूस एकच, आणि तो सांगलीचा नाही.

त्याने सरांशी तासभर गप्पा मारल्या. ग्रुपवर स्पॉटलाइटची यादी चालली होती, हा म्हणाला, आधी पत्र्याखाली आवाज शोषणारं छत घाला, मग विंगा, दिवे सगळ्यात शेवटी. बरोबरच आहे. शब्द ऐकू येत नसेल तर उजेड पाडून दाखवायचं काय?

सर खूश. छताची पाटी लागणार आहे म्हणे. नववीत असताना आंतरशालेय नाट्यस्पर्धेत ज्या मिरजेच्या शाळेने आम्हाला हरवलं, तिथल्याच पोराचं नाव आता आमच्या हॉलमध्ये. नवरा रोज विचारतो, "पाटीवर 'मिरज' लिहिणार ना?"