एकास चोवीस

आपल्याच विकलेल्या गाडीची छोटी प्रतिकृती करायला घेतली, की पहिली अडचण छायाचित्रांची येते. घरातल्या अल्बमांत गाडीचे फोटो भरपूर असतील अशी आपली खात्री असते. प्रत्यक्षात ते माणसांचे फोटो असतात आणि गाडी त्यांच्यामागे दडलेली असते. एकाने बॉनेटवर हात टेकलेला असतो, दुसऱ्याची पाठ हेडलाइटला लागलेली असते, मधोमध कोणाची तरी पैठणी असते आणि नंबरप्लेटवर झेंडूचा हार लोंबत असतो. गाडी घरी आली त्या दिवशीचा फोटो तर या कामाला सर्वांत निरुपयोगी, कारण त्या दिवशी सगळे घर तिच्यापुढे उभे राहिलेले असते. मागची बाजू टिपावी असे कोणाच्याच मनात आलेले नसते. आमच्या पद्मिनीचे मागचे दिवे नेमके कसे होते हे शोधताना मला अखेर जो फोटो उपयोगी पडला, त्यात आमची गाडी नव्हतीच; मालवणच्या जेटीजवळ काढलेल्या एका सहलीच्या फोटोत, कडेला, दुसऱ्याच कोणाची तरी पद्मिनी पाठमोरी उभी होती.

ज्यांना शर्यतीच्या किंवा नामांकित परदेशी गाड्यांच्या प्रतिकृती करायच्या असतात, त्यांचे काम त्या मानाने सुकर असते. जपानमधील शिझुओकाच्या तामियासारख्या कंपन्या अशा गाड्यांचे एकास चोवीस प्रमाणाचे किट काढतात आणि सुटे भाग, रंगांचे क्रमांक, जोडणीची आकृती असे सगळे त्या खोक्यातच मिळते. आमच्या वाट्याला आलेल्या गाड्या होत्या एक प्रीमियर पद्मिनी आणि एक मारुती 800. त्यांची खेळणी मिळतात, नाही असे नाही. पण ती सर्वांच्या पद्मिनीची आणि सर्वांच्या मारुतीची असतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून बाहेर पडणारी फियाट 1100 डिलाइट 1974 मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली, आणि डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुतीचे अंग 1986 मध्ये बदलले, इतका इतिहास पुस्तकांतून कळतो आणि आपली गाडी कोणत्या घडणीची होती हे त्यावरून ठरवता येते. त्यापुढे मात्र पुस्तक गप्प होते. कारखान्यातून एकसारख्या निघालेल्या गाड्या मालकाच्या अंगणात दोन पावसाळे काढल्यावर एकसारख्या राहत नाहीत. आंब्याच्या पेट्यांसाठी छपरावर कॅरियर चढतो, मागच्या काचेवर ‘श्री देव रामेश्वर प्रसन्न’ उमटते, डाव्या दारावर म्हशीच्या शिंगाचा पोचा पडतो. आपल्या गाडीची प्रतिकृती करायची म्हणजे हा फरकच तेवढा हाताने घडवायचा असतो.

प्रमाणाचा निर्णय मी सुताराच्या सोयीने घेतला. छोट्या मोटारींच्या संग्राहकांत एकास त्रेचाळीस हे प्रमाण फार रूढ आहे. ते मूळचे आगगाड्यांच्या नमुन्यांचे, एका फुटाला सात मिलिमीटर अशा हिशेबातून आलेले. आमच्या गावच्या सुताराला फूट, इंच आणि सूत यांपलीकडचा हिशेब रुचत नाही. एकास चोवीस म्हणजे एका फुटाला अर्धा इंच, म्हणजेच चार सूत, हे ऐकल्यावर त्याने लगेच मान हलवली आणि शिवणीचा एक वाळलेला ठोकळा काढून दिला. शिवणीचे लाकूड कोरायला मऊ असते आणि हवामान बदलले तरी फारसे आकसत-फुगत नाही, म्हणून ते या किनाऱ्यावर विश्वासाचे. सावंतवाडीच्या चितार आळीतील खेळण्यांना पूर्वापार पांगारा वापरीत आले आहेत. तो हलका खरा, पण मोटारीच्या कडा तासायच्या तर मला शिवणच बरी वाटली. चाके मात्र सावंतवाडीलाच लेथवर कातून घेतली. त्यांवर टायर म्हणून नळांच्या सामानाच्या दुकानातील रबरी रिंगा बसवल्या. खिडक्यांना शर्टांच्या खोक्यांवरचे पारदर्शक झाकण कापून लावले. बंपरच्या चकाकीसाठी चॉकलेटच्या चांदीइतके चांगले दुसरे काही मला अजून मिळालेले नाही.

मारुतीची लांबी 3335 मिलिमीटर आणि रुंदी 1440; चोवीसने भागले की 139 आणि 60. ही आकडेमोड करमणुकीची आहे, पण तिच्यात पुढे एक चकवा आहे. लांबी चोवीस पटींनी घटते तेव्हा आकारमान चोवीस गुणिले चोवीस गुणिले चोवीस, म्हणजे 13,824 पटींनी घटते. साडेसहाशे किलोंची मारुती या हिशेबाने अवघी 47 ग्रॅमची व्हायला हवी. शिवणीचा भरीव ठोकळा गाडीच्या आकाराचा तासला, तर तो याच्या दुपटीहूनही जड भरतो. वजन खरे ठेवायचे तर आतून कोरत, भिंती पातळ करत जावे लागते; आणि कोरता कोरता लक्षात येते, की मोटार म्हणजे मुख्यतः पोकळी आहे. तिच्याभोवती मिलिमीटरभरही जाड नसलेला पत्रा असतो आणि त्या पोकळीसाठीच आपण पैसे मोजलेले असतात. मालकाचे सगळे आयुष्य या आतल्या जागेत गेलेले असते. पद्मिनीच्या स्टिअरिंगच्या दांड्यालाच असलेला गिअर, पुढच्या सलग आसनावर तिसऱ्या माणसाने पाय कसे आखडून बसायचे याचे शास्त्र, मारुतीच्या मागच्या आसनावर गणपतीच्या शाळेतून मूर्ती मांडीवर घेऊन येताना प्रत्येक खड्ड्याला सगळ्यांनी धरलेला श्वास, हे मला न विचारता आठवते. सुक्या बांगड्यांच्या टोपलीचा वासही आठवतो. त्याला चोवीसने भागता येत नाही. परंतु मागच्या दाराची कडी पट्टीच्या वर होती की खाली, हे विचारले तर मला सांगता येत नाही, आणि प्रतिकृतीत दिसते ते नेमके हेच.

रंगाच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. मूळ गाडीचा रंग जसाच्या तसा छोट्या गाडीला दिला तर तो गडद आणि जड दिसतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळून तो फिकट करावा लागतो. प्रतिकृती आपण अर्ध्या मीटरवरून पाहतो, म्हणजे हिशेबाने मूळ गाडी बारा मीटरवरून पाहतो, आणि तेवढ्या अंतरावर रंग थोडा विरलेला असतो. आता कोणता मालक आपली गाडी बारा मीटरवरून पाहतो? तो चालत जातो, दार उघडतो आणि आत बसतो. बारा मीटरवरून ती पाहिलेली असते पडवीत वाट बघत बसलेल्यांनी, पाणंदीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मुलांनी आणि रात्री हेडलाइटचा झोत माडांवरून फिरला की ‘इलो वाटता’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांनी. त्यामुळे पद्मिनीच्या निळ्याची छटा ठरवायला मी गावालाच विचारले. आरसी बुकात नुसते ‘निळा’ एवढेच लिहिलेले असते. त्यावरून आकाशही रंगवता येईल आणि शाळेचा गणवेशही. गणपतीच्या शाळेत रंगकाम करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी तीन वाट्यांत तीन निळे कालवून माझ्यापुढे ठेवले आणि मी बोट ठेवण्याआधीच मधली वाटी पुढे सरकवली. ते आमच्या गाडीत कधी बसलेले नव्हते. तिला रोज समोरून जाताना मात्र पाहत होते.

तेव्हापासून मी अर्धवट झालेली गाडी ओटीवर उघड्यावरच ठेवतो. येणारा-जाणारा उचलून पाहतो आणि काहीतरी दुरुस्ती सुचवून जातो. मागचा एक मडफ्लॅप कायम फाटका होता, असे एकाने सांगितले. कॅरियरची पुढची दांडी वाकलेली होती, असे दुसऱ्याने. मागच्या काचेवरच्या अक्षरांतला ‘स’ पुसट झाला होता, हे सांगणाऱ्या बाई तेव्हा चौथीत होत्या आणि शाळेला जाताना रोज त्या गाडीमागून चालत. या साक्षी एकमेकींशी नेहमी जुळतात असे नाही. मडफ्लॅप डावा की उजवा यावरून ओटीवर चहा थंड होईपर्यंत वाद झाला आहे, आणि मी मालक असूनही त्या वादात माझ्या मताला कोणी किंमत दिली नाही, ते योग्यच होते.

रंगकामाला आमच्याकडे मुहूर्त पाहावा लागतो. आषाढ-श्रावणात फवाऱ्याने लॅकर मारला तर त्यातील थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो, आणि दमट हवेतील बाष्प त्या थंड पृष्ठभागावर उतरून ओल्या रंगात अडकते. मग रंगावर पांढुरकी झाक धरते. मारुती पांढरी असल्याने ही झाक तिच्यावर खपून जाईल असे कोणाला वाटेल, पण चकाकी जाते ती जातेच. झटपट चिकटणाऱ्या फेव्हिक्विकची गंमत याच्या उलट आहे. तो हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे पावसाळ्यात तो पुण्या-नगरपेक्षा इथे अधिक तत्परतेने बोटे चिकटवतो. मात्र त्याची वाफ जवळच्या खिडकीच्या काचेवर पांढरा थर धरते, म्हणून काचा शेवटी बसवायच्या. एकंदरीत पावसाळ्यात कोरावे आणि रंग दिवाळीनंतर द्यावा, हे इथले वेळापत्रक.

सर्वांत जास्त वेळ मी धुळीवर घालवला आहे, आणि त्याचा मला मुळीच पश्चात्ताप नाही. जांभ्याच्या सड्यावरून धावलेल्या गाडीच्या चाकांच्या कमानींत जी तांबडी झाक बसते, ती नसेल तर ती गाडी इथली वाटत नाही. पण अंगणातली माती नुसती चिमटीने टाकली तर तिचा कण या प्रमाणात खडीएवढा दिसतो. त्यासाठी माती पाण्यात ढवळायची, जड कण तळाशी बसू द्यायचे, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचे आणि ते स्वस्थ राहू द्यायचे. असे पुन्हा पुन्हा केल्यावर शेवटी तळाशी जी साय बसते, ती उन्हात वाळवून मलमलीतून चाळली की अंगारा व्हावा तशी भुकटी मिळते. बिनचकाकीच्या वॉर्निशमध्ये ती कालवून मऊ कुंचल्याने कमानींच्या आत, दारांच्या खालच्या कडांना आणि मागच्या बंपरखाली लावली, तेव्हा ओटीवरच्या परीक्षकांनी पहिल्यांदाच काही सुचवले नाही.

धुळीबरोबर दुसरा प्रश्न येतो तो वयाचा. गाडी कोणत्या दिवशीची करायची? नवीकोरी केली तर ती कोणाचीही होते, आणि विकली त्या दिवशीची केली तर ती केविलवाणी होते. समुद्रकाठी मीठ ओलावा धरून ठेवते, आणि तो खारट ओलावा पत्र्याच्या सांध्यांत शिरला की दारांच्या तळाशी रंगाला फोड येऊ लागतात. हा अनुभव इथल्या प्रत्येक गाडीवाल्याला आहे. लाकडाच्या गाडीवर गंज रंगवत बसणे विनोदी आहे, कारण तिला खरी भीती बुरशीची आणि वाळवीची. मी पद्मिनीला पोचा ठेवला आणि गंज ठेवला नाही. यामागे तत्त्व काही नाही. म्हशीची मालकीण अजून येऊन तो पोचा पाहते आणि हसते, एवढेच.

आतल्या भागाचे काय करायचे ते अजून ठरत नाही. डॅशबोर्डवरचा अडीच सेंटीमीटरचा गणपती या प्रमाणात एक मिलिमीटरचा होतो, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान, आणि छप्पर बसवल्यावर तो कोणालाच दिसणार नाही. छप्पर सुटे ठेवावे असे एक मत आहे. पण सुटे छप्पर कितीही नीट बसवले तरी कडेला फट दिसते आणि बाहेरून पाहणाऱ्यांचा तो अपमान होईल. तूर्त मी आसने, गिअरचा दांडा आणि गणपती करून ठेवले आहेत. छप्पर चिकटवायचे आहे.

दरम्यान सध्या अंगणात असलेल्या गाडीची मोजमापे मी आतापासूनच घेऊ लागलो आहे, म्हणजे पुढे कोणाच्या सहलीचे फोटो धुंडाळायला नकोत. मागून, बाजूंनी, जमिनीलगत बसून असे तिचे फोटो काढतो. टेप लावून खिडक्यांची उंची वहीत टिपतो. हे काम कुंपणावरून दिसते आणि त्याचा गावात एकच अर्थ होतो. परवा शेजारचे काका थेट विचारते झाले, “गाडी इकतंस काय रे?” मी नाही म्हणालो तरी त्यांचा विश्वास बसलेला नाही, आणि त्यांनी पाठवलेले गिऱ्हाईक काल येऊन टायर दाबून गेले. किंमत वाईट सांगत नव्हते.