काकांच्या उशाशी ठेवलेला ज्यूस

इंग्लंडला येऊन मला नऊ वर्षे झाली. यंदा मे महिन्यात माहेरी वेंगुर्ल्याला गेले, तेव्हा काका नुकतेच इस्पितळातून घरी आले होते. त्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे आणि चहातली साखर त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी मोठ्या निग्रहाने सोडली आहे. भेटायला येणारे आप्त मात्र प्रेमाने ज्यूसचे पॅक आणत होते आणि काका सकाळ-संध्याकाळ भरला पेला पीत होते. त्यांचे म्हणणे एकच होते, "अगो, हे फळच ना? यात वरून साखर घातलेली नाही, असे लिहिले आहे."

याच समजुतीने मीही इंग्लंडमधली पहिली दोन वर्षे रोज न्याहारीला मोठा ग्लासभर संत्र्याचा रस घेत असे. तिथली सरकारी आरोग्यसेवा फळे आणि भाज्या मिळून दिवसाला पाच वाटे खायला सांगते, पण शुद्ध रस कितीही प्यायला तरी त्याचा वाटा एकच धरते आणि त्यालाही दिवसाला १५० मिलिलिटरची मर्यादा घालते. फळ पिळले की त्याच्या पेशींत कोंडलेली साखर मोकळी होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रसातली साखर मध आणि पाक यांच्याच पंगतीला बसवली आहे. संत्र्याच्या १०० मिलिलिटर रसात साधारण ८ ते १० ग्रॅम साखर असते. काकांच्या पाव लिटरच्या पेल्यात ती पाच-सहा चमचे, म्हणजे २० ते २५ ग्रॅम भरते, आणि इंग्लंडमध्ये धडधाकट प्रौढ माणसाला अशा मोकळ्या साखरेची दिवसभराची मर्यादाच ३० ग्रॅम सांगितली आहे.

हे आकडे काकांना पटेनात, म्हणून मी त्यांच्यासमोर बसून संत्री पिळली. चार संत्र्यांचा मिळून जेमतेम एक पेला भरला आणि गाळणीत ओला चोथा उरला. "ही चारही सोलून दिली असती तर खाल्ली असती का?" असे विचारल्यावर ते म्हणाले, "दोनातच पोट भरले असते." ती पोट भरणारी आणि साखर रक्तात सावकाश उतरू देणारी गोष्ट बव्हंशी त्या चोथ्यातच होती.

रस वाईट आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्यात क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम असते, आणि ज्याला चावता येत नाही त्याला छोटी वाटीभर रस उपयोगीही पडतो. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र तो देऊ नये, असे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये स्पष्ट सांगितले आहे.

आपल्या कोकणात तर फळ खाण्याची रीत मुळातच चांगली होती. रायवळ आंबा हातात घोळवून, दोऱ्यांसकट चोखून, बाठा पांढरा होईपर्यंत खायचा, त्याला वेळ लागत असे आणि दोन-तीन आंब्यांत माणूस तृप्त होई. कोकम सरबताची गोष्ट वेगळी आहे. रातांब्याच्या सालींत साखर भरून, बरणी उन्हात ठेवून ते करतात आणि त्या साखरेचे वजन बहुधा सालींहून कमी नसते, म्हणून त्याला फळाचा रस समजून पिऊ नये. आगळात, म्हणजे रातांब्याच्या खारवलेल्या रसात, साखर घातलेली नसते, पण मीठ भरपूर असते. त्याची सोलकढी वाटीभर पुरे.

काकांच्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी रोजचा पेला बंद करून अख्खे फळ ठरलेल्या प्रमाणात द्यायला सांगितले. एक छोटा पॅक मात्र हाताशी ठेवायला सांगितला, कारण इन्सुलिनमुळे रक्तातली साखर एकदम उतरली, हात कापू लागले, घाम फुटला, तर १५० ते २०० मिलिलिटर रस ती झटपट वर आणतो. आता तो पॅक काकांच्या उशाशी, औषधांच्या डब्याशेजारी असतो. त्यावरची मुदतीची तारीख आईने ठळक अक्षरांत कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.