नायट्रोजनचा डबा आणि तीन मोटारसायकली

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या माझ्या गॅरेजमध्ये अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल घेण्याआधी सल्ला विचारायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ताकदीचा असतो आणि दुसरा किमतीचा. हरसूलच्या बाजूच्या पाड्यांवर जनावरांची खाजगी प्रॅक्टिस करणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी मात्र आल्या आल्या विचारले, "दादा, मागे नायट्रोजनचा डबा बांधला तर यातली कोणती गाडी माझ्या हातून पडणार नाही?" दिवाळी नुकतीच झाली होती, पाऊस मागे सरला होता आणि घाटातल्या रस्त्यांची खडी उघडी पडली होती, त्यामुळे हा प्रश्न दुकानात बसून सोडवण्यासारखा नव्हता.

कृत्रिम रेतनासाठीच्या रेतमात्रा द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. सतत तयार होणारा वायू बाहेर पडावा म्हणून त्या डब्याचे झाकण घट्ट बसवलेले नसते. साहजिकच डबा आडवा झाला की द्रव सांडतो आणि आतल्या मात्रा निकामी होतात. डॉक्टर गंगापूर रोडला राहतात. रोज गिरणारेमार्गे वाघेरा घाट ओलांडून हरसूल, तिथून पुढे पाडे, आणि अधूनमधून माहेरी पुण्याला जाणे असा त्यांचा प्रवास होता. तोवर त्या 150 सीसीची साधी गाडी चालवत होत्या आणि तिच्या पुढच्या शॉकअपचे ऑइल सील बदलून मीही कंटाळलो होतो.

माझ्या जुन्या गिऱ्हाइकांकडून मी तीन गाड्या दिवसभरासाठी मागून घेतल्या. कागदावर त्यांचा हिशोब असा होता. रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 म्हणजे 452 सीसी, 40 पीएस (साधारण अश्वशक्तीच), पुढे 21 इंची चाक, गाडीच्या पोटाखाली जमिनीपर्यंत 230 मिलिमीटर मोकळी जागा आणि पेट्रोलसह 196 किलो वजन. (गाडीचे किलो आणि डब्यातले अंश यांचा आकडा एकच निघाला, याची डॉक्टरांना फार गंमत वाटली.) केटीएमची 390 अ‍ॅडव्हेंचर 2020 साली आलेल्या पिढीतली होती: 373 सीसी, 43.5 पीएस, पुढे 19 इंची अलॉय चाक, वजन 177 किलो, पण सीट तब्बल 855 मिलिमीटरवर. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स तिघींत लहान, 249 सीसी आणि 26.5 पीएसची. तिचेही पुढचे चाक 19 इंची अलॉयचे, सीट 835 मिलिमीटरवर आणि वजन 167 किलो. डॉक्टरांचा एक जुना, रिकामा डबा वाळूने भरून आम्ही मागच्या सीटवर बांधला, आणि त्या, मी आणि माझा मदतनीस पोरगा असे तिघे सकाळी निघालो. ज्या गाडीवर डॉक्टर बसतील तिच्यावर डबा बांधायचा, असे ठरले होते.

गिरणाऱ्यापर्यंतच्या डांबरी रस्त्यावर त्यांना केटीएम दिली होती आणि तिथे तिला तोड नव्हती. मोकळा रस्ता मिळाला की ती क्षणात पुढे निघे, ब्रेक नेमके लागत आणि वळणावर ती हातात घेतल्यासारखी वळे. गिरणाऱ्याच्या टोमॅटो बाजारापाशी मात्र क्रेट भरलेल्या पिकअप गाड्यांनी रस्ता अडवला होता. तिथे दर चार पावलांवर थांबताना डॉक्टरांच्या चवड्यांपुरताच पाय जमिनीला लागत होता. इंजिनही 9000 आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) आसपास पुरती ताकद देणारे, त्यामुळे गर्दीत क्लच सारखा दाबावा लागत होता. बाजार पार झाल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि कसलेही स्पष्टीकरण न देता किल्ली पोराच्या हातात ठेवली. पोराला तर तेच हवे होते.

पुढे रस्त्याचे काम सुरू होते. 2027 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकच्या आसपास सगळीकडे खोदकाम चाललेले आहे. या आडरस्त्यावरचे काम त्यातलेच होते का, हे सांगता येत नाही, पण खडी अंथरून रोलर न फिरवता ठेकेदार कुठेतरी गेला होता एवढे खरे. इथे डॉक्टर हिमालयनवर होत्या. 21 इंची चाक खड्ड्यात पूर्ण उतरत नाही, त्याची कड दगडावर कमी कोनात चढते आणि हँडलला बसणारा झटका सौम्य होतो. मागून पाहताना ते स्पष्ट दिसत होते. 40 न्यूटन मीटरचा कमाल टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, 5500 आरपीएमला मिळत असल्याने दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन कुरकुर न करता चढत होते. फुटरेस्टवर उभे राहून चालवायला त्या पंधरा मिनिटांत शिकल्या. त्या क्षणी मला कोणी विचारले असते, तर मी हीच घ्या म्हणून मोकळा झालो असतो.

घाटातल्या एका वळणावर खालून पिकअप आली आणि डॉक्टरांना चढावरच थांबावे लागले. थांबेपर्यंत सगळे व्यवस्थित होते. डावा पाय टेकला तो सैल खडीवर, पाय थोडा सरकला, गाडी चार बोटे कलली आणि कलताच तिचे सगळे वजन एकदम खाली येऊ लागले. चालत्या गाडीचे वजन चाकांवर असते, थांबलेल्या गाडीचे माणसाच्या एका पायावर असते, आणि मागे उंचावर बांधलेला डबा त्या कलण्याला जोर देतो. मी गाडी उभी करून धावलो आणि मागचे कॅरियर धरले, म्हणून ती वाचली. गाडीचा यात काही दोष नव्हता. पण रोज त्या वाटेवर त्यांच्या मागे कोणी कॅरियर धरायला नसणार, हेही तितकेच खरे.

घाटमाथ्यावर आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावर पहिलारू गाय अडली होती आणि वासराचा एक पाय आत मुडपलेला होता. प्रसूतीची पिशवी त्या सवयीने बरोबर ठेवतात. त्यांनी तिन्ही गाड्यांकडे एकदा पाहिले, वाळूचा डबा सुझुकीवर बांधायला सांगितला (डबा काढून ठेवू म्हटले तर ऐकेनात, "रोज असतोच की") आणि त्या निघाल्याही.

डांबर संपून पाड्याकडे उतरणाऱ्या मुरमाच्या उतारावर, खाली फरशी पूल असलेल्या जागी, मला त्या गाडीची कमी बाजू दिसली. सैल खडीवर ब्रेक लावल्यावर चाक क्षणभर अडकावे लागते. मग त्याच्यापुढे खडी साठते आणि तीच गाडीला अडवते. एबीएस, म्हणजे चाक अडकू न देणारी ब्रेकची यंत्रणा, नेमके तेच होऊ देत नाही. चाक अडकले की ते दाब सोडते, चाक पुन्हा फिरते, साठलेली खडी मागे पडते आणि गाडी उताराने सरकत राहते. हिमालयनला मागच्या चाकाचे एबीएस बंद करता येते, केटीएमच्या ऑफरोड मोडमध्येही मागचे एबीएस सुटते, पण व्ही-स्ट्रॉम एसएक्सला ती सोय नाही. डॉक्टरांच्या ब्रेकच्या पेडलची थरथर मला मागून बुटाच्या टाचेवरूनही कळत होती. त्यांनी पेडल सोडले, पहिला गिअर टाकला, क्लच पूर्ण सोडून इंजिनच्याच जोरावर गाडी रोखली आणि फरशीवर चालत्या माणसाच्या गतीने उतरल्या. गाडी हलकी असल्यामुळे हे जमले. हिमालयनवरून मी त्याच उतारावर मागचे चाक मुद्दाम घसरवत ऐटीत खाली आलो, पण माझ्या मागे डबा नव्हता आणि खालीही कोणी वाट पाहत नव्हते.

फरशी ओलांडल्यावर माझे मागचे चाक डोलू लागले. कुठल्याशा कुंपणाचा खिळा टायरमधून आरपार गेला होता. ही हिमालयन सुरुवातीच्या गाड्यांतली, म्हणजे स्पोकच्या चाकात ट्यूब असलेली. ट्यूबलेस स्पोकच्या चाकांचा पर्याय नंतर आला. डॉक्टर आणि पोरगा यांना पुढे पाठवून मी कामाला लागलो. बॅश प्लेटखाली (इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याखाली) दगड रचून मागचे चाक अधांतरी केले, ॲक्सलचा नट सोडला, चेन उतरवली, चाक बाहेर ओढले. मग रिमला चिकटून बसलेली टायरची कड सोडवण्यासाठी टायरवर उभे राहून टाचेने दाबत चाक गोल फिरवत राहिलो. कड सुटल्यावर दोन टायर लिव्हरनी ती वर काढली, ट्यूब ओढली, टायरच्या आतून बोट फिरवून खिळ्याचे टोक शोधले आणि ते पकडीने उपसले. नवी ट्यूब घालताना लिव्हरमध्ये तीच चिमटली जाऊ नये म्हणून तिच्यात थोडी हवा भरावी लागते. ब्रेकची डिस्क कॅलिपरमध्ये परत बसवताना पॅड जवळ आलेले निघाले, ते बोटांनी रेटले. हा माझा रोजचा धंदा आहे, हत्यारे माझ्याजवळ होती, तरी तिथे रानात चांगला पाऊण तास गेला.

मी पाड्यावर पोहोचलो तोवर वासरू बाहेर आले होते आणि गाय त्याला चाटत होती. डॉक्टर कोपरापर्यंत हात धूत होत्या. उशीर का झाला ते ऐकल्यावर त्यांनी विचारले, "हे मला एकटीला जमेल का?" मी खरे ते सांगितले: शिकवले तर जमेल, पण संध्याकाळच्या वेळी, एकटीने, 196 किलोची गाडी दगडांवर तोलून धरणे अवघड जाईल. सुझुकीच्या अलॉय चाकांसारखे ट्यूबलेस चाक असेल तर चाक काढावेच लागत नाही. खिळा उपसायचा, रिमरने भोक साफ करायचे, चिकट दोरी सुईने आत ढकलायची, बाहेर राहिलेले टोक कापायचे आणि बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पंपाने हवा भरायची. परत येताना त्यांनी याखेरीज काही विचारले नाही.

त्यांनी व्ही-स्ट्रॉम घेतली. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी बदलल्यापासून 350 सीसीपर्यंतच्या गाडीला 18 टक्के आणि त्यावरच्या गाडीला 40 टक्के कर लागतो. हा फरकही त्यांच्या हिशोबात आला, पण निर्णय त्याआधीच झाला होता असे मला वाटते. माझी स्वतःची निवड अजूनही हिमालयनच आहे, कारण माझा रस्ता वेगळा आहे आणि मी तिला उचलू शकतो. पुण्याच्या हायवेवर मोठे ट्रक ओलांडताना 250 सीसीला थोडा विचार करावा लागेल, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवले. मागची सीट काढून तिथे मी पत्रा बसवला आणि त्यावर आतून रबर लावलेली लोखंडी कडी जोडली, म्हणजे डब्याचे वजन कॅरियरवर मागे न लटकता ॲक्सलच्या पुढे राहते. डब्याच्या झाकणावर पट्टा मुद्दाम आवळला नाही. टायर मातीला धरणाऱ्या नक्षीचे घातले आणि खडीवर उतरण्यापूर्वी दोन्ही चाकांची हवा थोडी कमी करायची, डांबरावर आल्यावर परत भरायची, एवढे शिकवले.

पहिल्या सर्व्हिसिंगला गाडी आली तेव्हा चेन कोरडी होती आणि बॅश प्लेटवर ओरखडे होते. मागच्या टायरमध्ये एक दोरी आधीच बसलेली दिसली. काम पक्के झाले होते, फक्त बाहेरचे टोक जरा लांब राहिले होते, ते मी कापून टाकले.