कोळशाच्या ग्रिलची झडप

शिकागोच्या उपनगरांत मेअखेरीस येणाऱ्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरमधील लेबर डेपर्यंत परसापरसांतून ग्रिलचा धूर निघताना दिसतो. झाकणाची गोल ग्रिल तर याच परिसराची देणगी आहे. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणारे जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली, तिथे तयार होणाऱ्या बोयांचे, म्हणजे पाण्यावर तरंगत जलमार्ग दाखवणाऱ्या धातूच्या पोकळ गोळ्यांचे, अर्धगोल वापरून ती घडवली. तिच्या तळाशी आणि झाकणावर हवेसाठी झडपा असतात, आणि माझ्या मते त्या ग्रिलचे सारे मोल त्या झडपांतच आहे.

आमच्या घराबरोबर आलेली ग्रिल मात्र आडव्या पिंपाच्या आकाराची, साध्या पत्र्याची आहे. तिच्या एका टोकाला खाली हवा आत घेणारी सरकती पट्टी होती. झाकणाला मात्र धूर बाहेर जाण्यासाठी काहीच वाट नव्हती. अशा ग्रिलचे झाकण लावले की विस्तव घुसमटतो, कोंडलेल्या धुराची कडवट चव कोंबडीला लागते, आणि झाकण किलकिले ठेवले तर आच हाताबाहेर जाते. ज्यांनी लहानपणी शेगडीच्या खालच्या तोंडाशी पुठ्ठ्याने वारा घालून निखारे फुलवले आहेत, त्यांना यामागचे कारण वेगळे सांगायला नको. कोळसा जितका प्राणवायू मिळेल तितकाच जळतो. तापलेली हवा वरून निघून गेली तरच खालून ताजी हवा ओढली जाते, आणि वरची वाट बंद असेल तर खालची पट्टी कितीही उघडली तरी तिचा फारसा उपयोग होत नाही.

म्हणून झाकणाला झडप बसवायचे ठरवले. इथल्या दुकानांत ती डॅम्पर या नावाने सुटी मिळते: भोके असलेली एक गोल चकती आणि तिच्यावर फिरणारी तशीच दुसरी. ती जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची नसावी, कारण फार तापल्यावर जस्ताची विषारी वाफ निघू शकते. स्टेनलेस स्टीलची घ्यावी. जागा निवडताना घाई करू नये. निखारे आणि खालची पट्टी ज्या टोकाला असतील, त्याच्या विरुद्ध टोकाला झाकणावर झडप बसवली की गरम हवा आणि धूर पदार्थावरून वाहत जाऊन मगच बाहेर पडतो. वरच्या भोकांचे एकूण क्षेत्रफळ खालच्यापेक्षा कमी नसावे.

छिद्र पाडण्याचे काम मला सर्वांत आवडले. आधी पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावावी, तिच्यावर झडप ठेवून पेन्सिलीने भोके आखावीत, आणि मध्यबिंदूवर पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी दांडीने, हलका ठोका द्यावा, म्हणजे ड्रिल घसरत नाही. तीन मिलिमीटरच्या बिटाने, म्हणजे ड्रिलला लावायच्या पात्याने, सुरुवात करून पुढे पायऱ्यापायऱ्यांच्या शंकूसारख्या बिटाने, कमी वेगात आणि तेलाचे दोन थेंब सोडत, भोक हळूहळू मोठे करत न्यावे; बिट पुढच्या पायरीवर चढताना आवाज बदलतो आणि पत्र्याचा चकचकीत, गुंडाळलेला तार बाहेर येतो. झाकणावर काचेसारखा मुलामा असेल तर तो टवके उडून जाऊ शकतो, म्हणून जोर लावू नये आणि डोळ्यांना चष्मा असावाच. भोकाच्या कडेला उठलेली धार कानशीने घासून, उघड्या पत्र्याला उष्णतारोधक रंग लावावा. चकत्या जोडताना स्टेनलेसचा बोल्ट, स्प्रिंग वॉशर आणि न सुटणारा नट वापरावा, पण नटात प्लास्टिकची कडी नको आणि रबरी वॉशरही नको, कारण ही दोन्ही उष्णतेने वितळतात किंवा जळतात. नट इतका आवळावा की चकती बोटाने फिरावी, पण सोडल्यावर स्वतःहून सरकू नये.

वापरताना वरची झडप बहुतेक वेळ पूर्ण उघडी ठेवावी आणि आच खालच्या पट्टीने आवरावी. कोळसा पेटेपर्यंत दोन्ही उघडी असू द्यावीत. मंद आचेवर तासन्‌तास मांस शिजवायचे असेल तर इथे साधारण २२५ ते २७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १०७ ते १३५ सेल्सिअस, धरतात. तापमान त्या टप्प्याला पोचण्याच्या बरेच आधी खालची पट्टी अर्ध्यावर आणायला हवी, कारण एकदा भडकलेले निखारे शांत करणे फार जड जाते. पट्टी हलवल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. झाकण सारखे उघडून पाहिले तर हवा आत शिरते आणि निखारे आणखी तापतात. झाकणावरचा तापमापक जाळीजवळच्या तापमानापेक्षा वेगळा आकडा दाखवतो, म्हणून जाळीवर ठेवायचा वेगळा तापमापक असलेला बरा. वांगे भाजायचे असेल तर हा सारा हिशोब सोडून दोन्ही वाटा पूर्ण उघडाव्यात आणि वांगे थेट निखाऱ्यांवरच्या जाळीवर ठेवावे. भरिताला ती धगच लागते. पंख्याने आपोआप तापमान राखणारी उपकरणे इथे मिळतात, पण पट्टी हाताने हलवून निखाऱ्यांची चाल ओळखायला शिकल्याशिवाय ती घेऊ नयेत, असे माझे मत आहे.

वाऱ्याच्या दिवशी खालच्या पट्टीचे तोंड वाऱ्याकडे ठेवू नये, नाहीतर हवा आपोआप फुंकली जाते. पट्टीसमोर साचलेली राख दर वेळी काढावी. तिथे राखेचा ढीग झाला की पट्टी उघडी असूनही आच पडते.

हिवाळ्यात, बाहेर बर्फ असताना, ग्रिल गॅरेजमध्ये नेण्याचा मोह अनेकांना होतो. दार उघडे असले तरी तसे कधीही करू नये. कोळशातून, विशेषतः हवा अपुरी असताना, कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, आणि माणसाला कळायच्या आत तो जीव घेतो. जेवण झाल्यावर दोन्ही झडपा घट्ट बंद कराव्यात, म्हणजे विस्तव विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. राख मात्र पूर्ण निवाल्यावरच झाकणाच्या धातूच्या डब्यात काढावी, आणि तो डबा घराच्या भिंतीपासून व लाकडी ओट्यापासून दूर ठेवावा.